काटकसरीची कात्री आणि विम्याचा हप्ता

महिन्याच्या अखेरीस घरखर्चाची वही पुढे घेऊन बसलेल्या नोकरदार गृहस्थाची पेन्सिल कोणत्या रकमेपाशी प्रथम थबकते, याचे निरीक्षण करण्यासारखे आहे. दूध, भाजी, गॅस, वीज यांपैकी काही कमी करायचे म्हटले, तर घरातून तत्काळ प्रतिवाद होतो. मुलांच्या शिकवणीला हात लावण्याची कोणाची छाती नसते. घरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता चुकला तर बँकेचे पत्र येते. विम्याचा हप्ता मात्र असा आहे, की तो थांबवला तर त्या दिवशी घरातल्या कोणाचेच काही बिघडत नाही. ताट रिकामे राहत नाही, दिवा विझत नाही, वसुलीला कोणी दारात उभे राहत नाही. ज्या प्रसंगासाठी हा हप्ता भरावयाचा, त्या प्रसंगी भरणारा हजर नसणार. आणि ज्यांना त्याची झळ लागणार, त्यांना आज त्या वहीत मत नसते. म्हणून काटकसरीची कात्री विम्यावर सहज चालते.

याच्या नेमकी उलट अशीही कितीतरी घरे आहेत, की जेथे विम्याचा हप्ता देवघरातल्या नंदादीपासारखा अखंड मानला जातो. वडिलांनी ज्या संस्थेत विमा उतरवला तेथेच मुलाने उतरवावयाचा, ज्या एजंटाने वडिलांची पॉलिसी केली त्याच्याच मुलाने नातवाची करावयाची, आणि हप्त्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे जणू कुळाचाराला बाध आणणे. पहिल्या घरातील माणूस अविचारी आणि दुसऱ्या घरातील विचारी, असे आपण सहजपणे म्हणून जातो. वास्तविक एक प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो. या हप्त्याच्या मोबदल्यात आपण नेमके काय विकत घेत आहोत?

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९६२ साली त्यांनी पाच हजार रुपयांची, पंचवीस वर्षे मुदतीची पॉलिसी घेतली. पगार महिना सव्वाशेच्या आसपास. त्यातले पंधरा-सोळा रुपये हप्त्यासाठी बाजूला निघत, आणि पावत्या बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तारखेवार लावलेल्या असत. १९७२ च्या दुष्काळात घरातले वर्तमानपत्र बंद झाले, वडिलांचा बाहेरचा चहा बंद झाला, दिवाळीचे कपडे एका वर्षी झालेच नाहीत. डब्यातल्या पावत्यांत मात्र खंड पडला नाही. आम्हा भावंडांना त्या वेळी हा हट्ट वाटे. पुढे आकडे जुळवून पाहिले तेव्हा त्यातला व्यवहार ध्यानात आला. पाच हजार म्हणजे वडिलांचा चाळीस महिन्यांचा पगार होता. ते गेले असते तर आईला सव्वातीन वर्षे श्वास घ्यायला अवधी मिळाला असता. त्यांनी विकत घेतला होता तो हा अवधी.

त्या पिढीची आयुर्विमा महामंडळावरील निष्ठा आकाशातून पडलेली नव्हती. स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतरही काही वर्षे विमा हा खाजगी कंपन्यांचा धंदा होता. त्यात चोख कंपन्या होत्याच. १८७० साली स्थापन झालेली बॉम्बे म्युच्युअल ही हिंदी माणसाचा विमा जादा आकार न लावता उतरविणारी संस्था म्हणून नावाजली गेली. साताऱ्यासारख्या गावात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी उभी केली आणि ती नावारूपाला आणली. परंतु विमेदारांचा पैसा म्हणजे मालकाची खाजगी तिजोरी, असे मानणारेही त्या धंद्यात होते. रामकृष्ण दालमिया यांनी भारत इन्शुरन्स कंपनीच्या पैशांचा जो विनियोग केला, तो १९५५ च्या अखेरीस फिरोझ गांधी यांनी लोकसभेत उघड केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९ जानेवारी १९५६ रोजी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी वटहुकूम काढून सारा आयुर्विमा व्यवसाय सरकारच्या ताब्यात घेतला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री म्हणून मराठी माणूस देशमुखांना ओळखतो. आपल्या घरातल्या विम्याच्या कागदामागेही त्याच वर्षातला त्यांचाच हात आहे, हे सहसा लक्षात येत नाही. देशी, विदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. त्याच्या कायद्यातील ३७ व्या कलमान्वये विम्याची रक्कम आणि जाहीर झालेला बोनस यांना केंद्र सरकारची हमी देण्यात आली. लेखनिक आणि शिक्षक यांच्या विश्वासाचे मूळ त्या एका कलमात आहे.

पण विश्वास केवळ हमीने टिकत नाही. महामंडळ जेमतेम वर्षाचे झाले नाही तोच कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत त्याचे सव्वा कोटींच्या आसपास रुपये गुंतविले गेले. फिरोझ गांधी पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी ते स्वतःच्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध बोलत होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. विमेदारांच्या पैशाबद्दल देशाच्या अर्थमंत्र्याला जाब द्यावा लागला, ही गोष्ट त्या पिढीने पाहिली. ज्या संस्थेला जाब विचारता येतो तिच्यावर विश्वास टाकता येतो. आपण त्या पिढीकडून विश्वास तेवढा वारशाने घेतला, जाब विचारणे मात्र वाटेत कोठेतरी सांडून गेले.

मुंबईला नरिमन पॉइंटजवळ महामंडळाचे मध्यवर्ती कार्यालय आहे. त्या इमारतीचे नाव 'योगक्षेम'. ज्याने कोणी ते सुचविले त्याला विमा चांगला कळत होता. जे आपल्यापाशी नाही ते मिळविणे हा योग, आणि जे आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम, असा या जोडशब्दाचा अर्थ जुने भाष्यकार सांगतात. बचत आणि गुंतवणूक हा योगाचा भाग. विमा हा शुद्ध क्षेमाचा. आपल्याकडे जी पॉलिसी घरोघर पोचली ती, म्हणजे एन्डोमेंट आणि तिची 'मनी बॅक'सारखी भावंडे, यांत दोन्ही एकत्र कालवलेले आहेत. हप्त्याचा थोडासा भाग संरक्षणासाठी आणि बराच मोठा भाग बचतीसाठी जातो, आणि मुदत संपली की बोनससह रक्कम हाती येते. विमेदाराची दृष्टी त्या हाती येणाऱ्या रकमेवर खिळते. 'पैसे परत मिळतात ना?' हा आपल्याकडील विमेदाराचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुधा शेवटचाही.

समजा, एखाद्या लेखनिकाने वीस वर्षे मुदतीची दोन लाखांची अशी पॉलिसी घेतली आणि वर्षाला दहा हजार रुपये हप्ता भरला. बोनस दर हजारी चाळीस रुपये धरू. वीस वर्षांनी हाती तीन लाख साठ हजार येतील. भरले दोन लाख, मिळाले तीन लाख साठ हजार, म्हणून गृहस्थ खूश. पण चक्रवाढीने हिशोब केला, तर हा परतावा दरसाल सव्वापाच टक्क्यांच्या किंचित वर भरतो. तेच दहा हजार रुपये सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत दरवर्षी भरले असते, आणि एप्रिल २०२० पासून अनेक वर्षे जो ७.१ टक्के दर तेथे राहिला तोच वीस वर्षे धरला, तर सुमारे चार लाख चव्वेचाळीस हजार झाले असते. सरकारी हमी दोन्हीकडे आहे. फरक चौऱ्याऐंशी हजारांचा. 'पण तेथे विमा कोठे आहे?' असे कोणी विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्तच आहे. तेव्हा विम्याकडेही पाहू. आज ज्या घरात महिन्याला साठ हजार रुपये येतात, त्या घराला दोन लाख म्हणजे सव्वातीन महिन्यांची बेगमी. माझ्या वडिलांच्या पॉलिसीने सव्वातीन वर्षांची सोय केली होती. निष्ठा तीच, संस्था तीच, पावत्यांचा डबाही कदाचित तोच. प्रमाण तेवढे बदलले, आणि ते बदलल्याचे कोणाला जाणवलेही नाही.

एन्डोमेंटची बाजू घेऊन एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सक्तीशिवाय ज्याच्या हातून बचत होत नाही, अशा माणसाला या पॉलिसींनी बचत करायला लावले. पगारातून परस्पर हप्ता कापला जाण्याची योजना नसती, तर मुलीच्या लग्नाच्या वेळी ज्यांच्या हाती काहीही नसते, असे अनेक शिक्षक मला माहीत आहेत. पाच टक्क्यांची बचत ही न केलेल्या आठ टक्क्यांच्या बचतीपेक्षा केव्हाही बरी. पण तिला विमा म्हणू नये.

हा घोटाळा किती महाग पडतो, ते मी एका परिचिताच्या बाबतीत पाहिले. ते नगरपालिकेत लेखनिक होते. वय चव्वेचाळीस. घरात पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि शाळकरी मुलगा. त्यांच्या चार पॉलिसी होत्या. तीन एन्डोमेंट, प्रत्येकी एक लाखाची. त्यांचा मिळून वर्षाचा हप्ता पंधरा हजारांच्या घरात. चौथी निव्वळ मुदत विम्याची, पंचवीस लाखांची. तिचा हप्ता आठ हजार. ही चौथी पॉलिसी त्यांनी एका तरुण सहकाऱ्याच्या आग्रहाखातर घेतली होती आणि तिच्याबद्दल त्यांच्या मनात पहिल्यापासून अढी होती. कारण आपण जिवंत राहिलो तर एक पैसाही परत नाही! मुलीचा अभियांत्रिकीला प्रवेश झाला आणि घरखर्चाला कात्री लावण्याची वेळ आली. त्यांनी विचार केला आणि चौथी पॉलिसी बंद केली. बाकीच्या तीन तशाच चालू ठेवल्या. त्या जुन्या होत्या, विश्वासाच्या होत्या, त्यांतले पैसे परत येणार होते. आठ हजार वाचले.

चौदा महिन्यांनी ते हृदयविकाराने गेले. तिन्ही पॉलिसींचे दावे विनातक्रार मंजूर झाले. बोनस धरून साडेचार लाखांच्या आसपास रक्कम पत्नीच्या खात्यात जमा झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने संस्थेच्या तत्परतेची वाखाणणी केली आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. एजंटाने स्वतः धावपळ करून कागद पुरे केले. कोणाचाही दोष नव्हता. कपाटात कागद लावताना मुलीला चौथ्या पॉलिसीची फाइल सापडली. तिने मला विचारले, 'काका, ही पण होती का?' मी काय उत्तर दिले ते मला आता आठवत नाही.

उलट, त्यांनी तीन एन्डोमेंटचे हप्ते थांबवले असते, तर आठऐवजी पंधरा हजार वाचले असते. त्या पॉलिसींना पुष्कळ वर्षे झालेली होती. अशा पॉलिसीचे हप्ते थांबवले तरी ती शून्यावर येत नाही. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेल्या रकमेची होऊन ती मुदतीपर्यंत कायम राहते आणि तोवर जमलेला बोनसही टिकतो. विमा व्यवहारात याला 'पेड-अप' म्हणतात, आणि जुन्या पॉलिसींत सामान्यतः तीन वर्षांचे हप्ते भरले की ही सोय लागू होई. मुदत विम्याला असे काही नसते. हप्ता थांबला की सवलतीचे दिवस संपताच सारे संपते. म्हणजे जेथे कात्री चालवून नुकसान कमी, तेथे त्यांनी ती चालवली नाही. आणि जेथे एका टाक्यावर सारे वस्त्र टांगलेले होते, नेमका तोच टाका उसवला. हा काही त्यांच्या एकट्याचा अविचार नव्हता. दहा सुशिक्षित माणसांना विचारा, नऊ जण हाच निर्णय घेतील.

काटकसर करावयाची तर तिचा क्रम असा उलटा लावावा लागतो. कुटुंब ज्याच्या मिळकतीवर उभे आहे, त्याच्यावरील संरक्षणाला सर्वांत शेवटी हात लावावा, बचतीच्या भागाला आधी. त्यातही सरसकट पॉलिसी मोडण्याचा मार्ग, म्हणजे सरेंडर, हा सहसा तोट्याचा. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी पहिल्याच वर्षानंतर काही ना काही रक्कम परत मिळण्याची तरतूद केली, ही सुधारणा खरी. तरी सुरुवातीच्या वर्षांत मोडलेल्या पॉलिसीत भरलेला पैसा पुरता हाती येत नाही. अडचण तात्पुरती असेल तर पॉलिसीवर कर्ज मिळते. वर्ष-दोन वर्षे हप्ते थकले तरी साधारणतः पाच वर्षांच्या आत थकबाकी, व्याज आणि आवश्यक तर वैद्यकीय दाखला देऊन ती पुन्हा चालू करता येते. आणि ज्या शिक्षकाची पॉलिसी दोन-तीन वर्षांत पुरी व्हावयाची आहे, त्याने हा लेख वाचून ती मुळीच थांबवू नये. एन्डोमेंटचे खरे फळ शेवटच्या वर्षांत असते. साठीला आलेल्या, मुले मिळवती झालेल्या माणसाला नव्या मुदत विम्याचीही गरज नाही. ज्यांच्या मिळकतीवर आज कोणी अवलंबून आहे, प्रश्न त्यांचा आहे. त्यांनी मात्र नवी पॉलिसी हातात पडल्याखेरीज जुनीवर कात्री ठेवू नये.

लहानसहान काटकसरही विम्यात आहे, पण ती कोणी सांगत नाही. महामंडळाच्या अनेक परंपरागत योजनांत वर्षाचा हप्ता एकदम भरल्यास दोन टक्के आणि सहामाही भरल्यास एक टक्का सूट मिळत आली आहे. पगारातून हप्ता कापून घेणाऱ्यांनी तो पुढे खरोखर जमा होतो ना, हे वर्षातून एकदा पाहावे. दिल्ली विद्युत पुरवठा उपक्रमाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हप्ता वेळेवर पोचला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे ठरविले, की या योजनेत हप्ता गोळा करणारा मालक हा महामंडळाचाच प्रतिनिधी ठरतो, आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड कर्मचाऱ्याच्या कुटुंबावर पडता कामा नये. निकाल न्याय्यच होता. पण तो पदरात पडेपर्यंत त्या कुटुंबाला किती पायऱ्या चढाव्या लागल्या असतील, याची कल्पना करावी.

आता एजंटाकडे वळू. तो बहुधा नात्यातला, गावातला किंवा शेजारच्या टेबलावरचा असतो, आणि नोकरदारांच्या निष्ठेचा फार मोठा भाग वस्तुतः संस्थेवर नसून त्याच्यावर असतो. त्यात वावगे काही नाही. दाव्याच्या वेळी तोच उपयोगी पडतो. परंतु ज्या योजनेचा हप्ता मोठा, तिच्यावरील कमिशन मोठे, हे विसरून चालणार नाही. विमा अधिनियमाने एकेकाळी पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर पस्तीस टक्क्यांपर्यंत कमिशनला मुभा दिली होती. पंधरा हजारांच्या एन्डोमेंटची शिफारस करणारा माणूस आठ हजारांच्या मुदत विम्याचा उल्लेख करीत नाही, याचे कारण त्याच्या दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. त्यालाही घरखर्चाची वही आहेच. 'पहिला हप्ता मी भरतो' अशी लालूच दाखविणारे महाभागही असतात. कमिशनातून अशी सूट देणे आणि घेणे दोहोंनाही १९३८ च्या विमा कायद्याने मनाई केली होती, हे सही करताना कोणालाच आठवत नाही.

याला जोड मिळाली ती मार्च महिन्याची. आयकर वाचविण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने घेतलेल्या पॉलिसींनी आपल्याकडील किती कपाटे भरली आहेत! शिक्षकांच्या खोलीत अर्जांचा गठ्ठा यावा, एकाने सही केली की बाकीच्यांनी करावी, आणि पुढली वीस वर्षे दरवर्षी त्या सहीचे देणे फेडत राहावे. २०२३-२४ पासून नवी करपद्धती हीच मूळ पद्धती ठरली, आणि तीत विमा हप्त्यावरील ही जुनी वजावट मिळत नाही. म्हणजे त्या पद्धतीत गेलेल्यांच्या बाबतीत पॉलिसी घेण्याचे मूळ कारणच उरलेले नाही. हप्ता तेवढा उरला आहे.

मग महामंडळ सोडून खाजगी कंपन्यांकडे जावे काय? मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर आणि १९९९ च्या कायद्यानंतर २००० पासून त्यांना दार उघडले गेले. स्पर्धेने मुदत विमा स्वस्त झाला, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण माझ्या मते विश्वासाला किंमत आहे आणि ती थोडी अधिक हप्त्याच्या रूपाने मोजणे हा मूर्खपणा नव्हे. वीस-तीस वर्षांनी, आपण नसताना, ज्या दारावर पत्नीला एकटीने जावयाचे आहे, ते दार तिच्या ओळखीचे आणि तिच्या गावात असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय एका खाजगी बँकेच्या शाखेत मुदत ठेव ठेवायला गेलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या गळ्यात बाजाराशी निगडित विमा योजना कशी बांधली गेली, ते मला जवळून ठाऊक आहे. तेव्हा नव्या घरी सारेच सुगरणी असतात असे नाही. मुद्दा एवढाच की संस्था न सोडताही योजना बदलता येते. निव्वळ मुदत विमा महामंडळही विकते. तो स्वतः होऊन कोणी तुमच्या टेबलावर आणून ठेवणार नाही, मागावा लागेल.

आणि निष्ठा दोन्ही बाजूंनी असते, असेही समजू नये. मे २०२२ मध्ये सरकारने महामंडळाचे साडेतीन टक्के भाग विक्रीला काढले. विमेदारांसाठी राखीव हिस्सा आणि भागामागे साठ रुपयांची सूट होती. ९४९ चा भाग ८८९ ला मिळाला म्हणून घरचे कार्य असल्यासारखे लोक रांगेत उभे राहिले, आणि बाजारात नोंदणी झाली त्या पहिल्याच दिवशी भाव ८८९ च्या खाली गेला. भाव वरखाली व्हावयाचेच. ते सोडून देऊ. अधिक महत्त्वाची गोष्ट फारशी कोणी बोलले नाही. पूर्वी नफ्यातील पंचाण्णव टक्के वाटा विमेदारांचा आणि पाच टक्के सरकारचा, अशी विभागणी होती. बदललेल्या कायद्यानुसार बोनस मिळणाऱ्या पॉलिसींच्या नफ्यातील भागधारकांचा वाटा टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर नेण्यात आला, आणि बोनस नसलेल्या पॉलिसींचा सारा नफा भागधारकांचा झाला. हे बेकायदा नाही, अन्यायकारक आहे असेही मी म्हणत नाही. पण ज्या संस्थेला पूर्वी मुख्यत्वे विमेदाराचे हित पाहावयाचे होते, तिला आता भागधारकाचेही पाहावयाचे आहे. अशा वेळी विमेदाराने हिशोब मागितला तर तो कृतघ्नपणा ठरत नाही.

आरोग्य आणि वाहन यांच्या विम्यात निष्ठेचा हिशोब थोडा वेगळा आहे. आरोग्य विम्यात सातत्याला खरेच मोल असते, कारण जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल वर्षावर्षाने संपत जातो. मात्र हे सातत्य विम्याचे, कंपनीचे नव्हे; ऑक्टोबर २०११ पासून भोगलेला प्रतीक्षाकाल बरोबर घेऊन कंपनी बदलता येते. स्कूटरच्या विम्यावरील 'नो क्लेम बोनस' हाही मालकाचा, कंपनीचा नव्हे. पाच वर्षे दावा केला नाही तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो आणि दुसऱ्या कंपनीकडे गेले तरी टिकतो. तो बुडेल या भीतीने वर्षानुवर्षे जास्त हप्ता भरणारे पुष्कळ आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. मुदत विम्याच्या हप्त्यावर पूर्वी अठरा टक्के कर पडत असे. आठ हजारांवर तो चौदाशे चाळीस रुपये होतो. हप्त्याची पावती पूर्वीच्या पावतीशेजारी ठेवून आपल्या बाबतीत किती फरक पडला, ते पाहता येईल. कपाट उघडलेच आहे तर पॉलिसीवरील वारसाचे नावही वाचावे. नोकरी लागल्या लागल्या, लग्नापूर्वी घेतलेल्या पॉलिसींवर बहुधा आईचे किंवा वडिलांचे नाव असते. माझ्या स्वतःच्या एका पॉलिसीवर आई जाऊन नऊ वर्षे झाली तरी तिचेच नाव होते.